शिधापत्रिका आणि जोंधळा

सरकारी अन्नसाहाय्य कोणत्या माणसाला मिळतें, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. तें कोणत्या धान्याला मिळतें, हा प्रश्न मात्र मागें राहतो. आणि इतिहासाच्या दृष्टीनें तोच अधिक उद्बोधक आहे.

मुंबई शहरांत १९४३ च्या मे महिन्यांत शिधावांटप सुरू झालें, तेव्हां ब्रह्मदेशचा तांदूळ महायुद्धामुळें बंद झाला होता. टंचाईंतलें धान्य सर्वांना पोंचवावें, हा त्या व्यवस्थेचा मुख्य हेतु होता. पुढें १९६५ सालीं भारतीय अन्न महामंडळ व शेतमालाच्या किंमतींचा आयोग स्थापन झाला, आणि व्यवस्थेचें स्वरूप पालटलें. सरकार आधारभावानें धान्य घेऊं लागलें व कमी भावानें दुकानांतून देऊं लागलें. या दोन भावांमधील तूट व सांठवणुकीचा खर्च मिळून जें होतें, तेंच अन्नसाहाय्य होय.

आधारभाव ज्वारी-बाजरीलाहि जाहीर होत असे. परंतु भाव जाहीर होणें निराळें आणि माल खरेदी होणें निराळें. पंजाब-हरियाणांत पाणी, नवें बियाणें व सुसज्ज बाजारपेठा होत्या. म्हणून सरकारी कोठारें मुख्यत्वें गहूं व तांदूळ यांनीं भरलीं, आणि साहाय्यहि त्यांच्याच वांट्याला गेलें. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत परदेशांतून आलेली तांबडी मिलो वांटली गेली. ती जोंधळ्याचीच जात; पण तिच्या भाकरीची तक्रार वृद्ध मंडळी अद्याप विसरलेली नाहींत.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तांदूळ तीन, गहूं दोन व भरड धान्य एक रुपया किलो ठरविलें. कागदावर जोंधळा सर्वांत स्वस्त, दुकानांत मात्र बहुधा दुर्मिळ! २०२३ पासून हें धान्य मोफत झालें. तेंच वर्ष जगानें भरड धान्यांचें वर्ष म्हणून साजरें केलें.

जोंधळ्याचें क्षेत्र घटलें, याचा सारा दोष साहाय्यावर लादणें न्याय्य नव्हे. ऊंस व सोयाबीन यांचें आकर्षणहि मोठें आहे. तथापि पोळी फुकट आणि भाकरी विकत, अशा स्थितींत गरीब गृहिणीनें काय निवडावें? शिवाय गव्हाचें पोतें घरीं आलें, म्हणून बैलाच्या दावणींत कडबा येत नाहीं. सोलापूर-बीडकडील कोरडवाहू शेतकऱ्याचा जोंधळा तेथेंच खरेदी करून तेथेंच वांटला, तरच कायद्यांतील तो एक रुपया सार्थ झाला असें म्हणतां येईल.