फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते. पण 'जवळ' म्हणजे किती जवळ, हे ठरवतं कोण?

कॉल आला, फोन कानाला लावला आणि स्क्रीन काळी झाली. ही गोष्ट इतकी सवयीची आहे की ती बिघडल्यावरच लक्षात येते. बोलता बोलता गालाने म्यूट दाबला जातो, नाहीतर नवा स्क्रीन गार्ड लावल्यावर कॉल संपला तरी स्क्रीन उजळतच नाही.

यामागे असतो प्रॉक्सिमिटी सेन्सर. कानाच्या स्पीकरजवळ, काचेखाली बसवलेला. त्यातला छोटा एलईडी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि गालावर आपटून परत आलेला प्रकाश फोटोडायोड मोजतो. वस्तू जवळ आली की आकडा वाढतो. गोम अशी, की हा आकडा म्हणजे सेंटिमीटर नव्हेत. काळे केस कमी प्रकाश परत पाठवतात, त्यामुळे तेवढ्याच अंतरावर गाल आणि केस वेगवेगळे आकडे देतात. शिवाय काच स्वतःच थोडा प्रकाश परत फेकते. समोर कोणी नसलं तरी आकडा शून्य नसतो.

हा आकडा सेन्सरकडून फोनच्या सॉफ्टवेअरपर्यंत आणण्याचं काम ड्रायव्हरचं. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्स कर्नलच आहे, पण ड्रायव्हर उघडून बघायचा तर प्युरिझम कंपनीचा 'लिब्रेम ५' हा लिनक्स फोन सोयीचा. त्यात विशे कंपनीचा व्हीसीएनएल ४०४० हा सेन्सर आहे आणि त्याच्या ड्रायव्हरचा कोड कोणालाही वाचता येतो.

सेन्सर आणि प्रोसेसर आय-टू-सी नावाच्या दोन तारांवरून बोलतात. फोन सुरू होताना ड्रायव्हर आधी चिपचा ओळख क्रमांक विचारतो; तो जुळला नाही तर पुढे जातच नाही. जुळला की सेन्सर चालू करायचा आणि कोणी वाचत नसेल तेव्हा झोपवायचा, म्हणजे बॅटरी वाचते. मोजलेला आकडा 'इन_प्रॉक्सिमिटी_रॉ' नावाच्या फाइलमध्ये दिसतो. ही पद्धत कर्नलमधल्या आयआयओ या विभागाची, त्यामुळे सेन्सर दुसऱ्या कंपनीचा असला तरी फाइलचं नाव तेच राहतं.

सारखं विचारत बसणं मात्र महागात पडतं. म्हणून चिपला दोन मर्यादा देता येतात, एक वरची आणि एक खालची. आकडा त्या ओलांडेल तेव्हाच चिप इंटरप्ट पाठवते. मर्यादा एकच ठेवली तर फोन जरा हलला की स्क्रीन लुकलुकेल.

मग 'जवळ' कधी म्हणायचं? गंमत म्हणजे ड्रायव्हर ते ठरवत नाही, आणि ते योग्यच आहे. हाच ड्रायव्हर वेगवेगळ्या उपकरणांत चालतो. प्रत्येकाची काच, सेन्सरची जागा आणि वरचं छिद्र निराळं. उंबरठ्याचा आकडा कोडमध्येच कोरला असता, तर एका फोनवर नीट चालणारी गोष्ट दुसऱ्यावर फसली असती. त्यामुळे २०२० मध्ये लिनक्समध्ये 'प्रॉक्सिमिटी-निअर-लेव्हल' ही नोंद आली. ती त्या त्या फोनच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये लिहिली जाते. ड्रायव्हर ती फक्त पुढे देतो. कच्चा आकडा तिच्याइतका किंवा जास्त झाला की वरचं सॉफ्टवेअर 'जवळ' समजतं.

स्क्रीन गार्डचा घोळही इथलाच. हा उंबरठा कंपनीच्या मूळ काचेसाठी ठरवलेला असतो. सेन्सरवर आणखी एक काच चढली की परत येणारा प्रकाश वाढतो, समोर कोणी नसतानाही आकडा उंबरठ्यापलीकडे जातो, आणि फोनला वाटतं की गाल अजून तिथेच आहे.