वऱ्हाडातून बर्लिनला: देशी खेळांचे परदेश दौरे

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले, तेव्हा अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तेथे हुतूतू, खो-खो, मल्लखांब असे देशी प्रकार दाखवायला गेले होते. युरोपातला तो ऐन उन्हाळा. वऱ्हाडात मात्र त्या दिवसांत पावसाळा आणि कपाशीची निंदण-डवरणी. आजचा वाशीम जिल्हा तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत होता. वाशीम, कारंजा, रिसोड या गावांना हे पथक जवळचे होते, कारण ते मुंबई-पुण्याचे नव्हते, शेजारच्या अमरावतीचे होते.

वैद्य बंधूंनी हे मंडळ १९१४ साली आखाड्याच्या रूपाने सुरू केले. पुढे त्याचे उन्हाळी व्यायामवर्ग निघाले आणि खेळ शिकून आपापल्या गावी शिकवणारे शिक्षक त्यातून तयार होऊ लागले. बर्लिनचा विचार या शिकवण्यातूनच आला, असे म्हणायला हरकत नाही. जे गावोगावी शिकवता येते ते परदेशातही शिकवता येईल, निदान दाखवता तरी येईल, ही त्यामागची आशा.

दाखवण्यापुरते पाहिले तर मल्लखांबाला अडचण नव्हती. एरंडेल चोपडलेल्या लाकडी खांबावर माणूस उलटा चढतो, अंगाला पीळ देतो, टोकावर तोल धरतो. हे कळायला भाषा लागत नाही, नियमही लागत नाहीत. हुतूतूचे तसे नाही. चढाई करणाऱ्याने एका दमात शब्द घोकत राहायचे आणि दम तुटण्याआधी मध्यरेषा गाठायची, हे ज्याला ठाऊक नाही त्याला मैदानावर फक्त झोंबाझोंबी दिसते. शिवाय खेळाचा प्राण असलेला तो आवाज प्रेक्षकापर्यंत पोहोचतोच असे नाही. खो-खोत पाठलाग समजतो, पण पाटीवरचे गडी आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून का बसतात, याचा उलगडा आधी कुणीतरी करून द्यावा लागतो.

या दौऱ्याविषयी एक गोष्ट नेहमी वाढवून सांगितली जाते. हुतूतू ‘ऑलिंपिकमध्ये खेळला गेला’ हे विधान सैल आहे. बर्लिनला अधिकृत प्रदर्शनी खेळ होते ते बेसबॉल आणि ग्लायडिंग. भारतीय पथकाचे प्रयोग त्यांच्यात धरलेले नव्हते. त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा फडशा पाडला. हॉकीपटूंना तिथे प्रतिस्पर्धी मिळाले. अमरावतीकरांना मिळाले ते प्रेक्षक. टाळ्या वाजवून प्रेक्षक घरी जातो. प्रतिस्पर्धी हरला तर परत जाऊन सराव करतो.

रग्बीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १८८८-८९ मध्ये न्यूझीलंडचा बहुतांशी माओरी खेळाडूंचा संघ ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाला आणि त्याने तब्बल १०७ सामने खेळले. १९०५ साली न्यूझीलंडचा पुढचा संघ ब्रिटनला गेला तेव्हा यजमान संघांपैकी एकट्या वेल्सलाच त्याला हरवता आले, तेही ३-० असे निसटते. नियम दोन्हीकडे एकच असल्यामुळे हे जमले. देशी खेळांत मात्र घरातच एकमत नव्हते. हुतूतूच संजीवनी, गामिनी आणि अमर अशा तीन तऱ्हांनी खेळला जाई. संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत होतो, गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो, अमरमध्ये गुण मोजला जातो पण गडी मैदान सोडत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम लिहून काढले होते, १९२३ मध्ये बडोद्याला हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धाही झाली होती. तरी सगळ्या प्रांतांना मान्य असा एकच खेळ तयार व्हायला वेळ लागला. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत हुतूतूला ‘कबड्डी’ या नावाने जागा मिळाली आणि १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. संजीवनी तऱ्हा टिकली. महाराष्ट्राचे ‘हुतूतू’ हे नाव मात्र मागे पडले.

मंडळाचे पथक १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाडलाही गेले. तो व्यायामाचाच महोत्सव असल्याने तिथला प्रेक्षक जाणता होता, पण प्रकार पुन्हा प्रयोगाचाच.

खऱ्या अर्थाने दौरा म्हणावा असा प्रवास १९७४ मध्ये झाला. भारतीय कबड्डी संघ बांगलादेशात जाऊन पाच कसोटी सामने खेळला. तिथे खेळ समजावून सांगावा लागला नाही, कारण ‘हा-डु-डु’ या नावाने तो गावागावांत होताच. १९७९ मध्ये बांगलादेशचा संघ परतभेटीला भारतात आला. मधल्या काळात, १९७८ मध्ये, भिलाईला आशियाई महासंघ स्थापन झाला होता. १९८१ मध्ये भारतीय पथक जपान, मलेशिया आणि थायलंडला गेले. हेही प्रदर्शनच, बर्लिनसारखे. फरक एवढाच की आता छापील नियम होते, महासंघ होता आणि शिकलेल्यांना पुढे खेळायला आशियाई स्पर्धा होती. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली, तेव्हा उतरलेल्या सहा संघांत जपान होता. सुवर्णपदक भारताने घेतले.

पुढची सगळी सुवर्णपदकेही भारताकडेच येत राहिली, ती २०१८ च्या जकार्ता स्पर्धेपर्यंत. तिथे इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य फेरीत रोखले आणि इराणच्या महिलांनी अंतिम सामना २७-२४ असा जिंकला. त्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.