पावाचा विटाळ

मैत्रिणींनो, 'पायांनी मळतात म्हणून त्याला पाव म्हणायचं' हे आपल्यापैकी कितीजणींनी लहानपणी ऐकलं असेल! त्यात तथ्य काही नाही. हा शब्द पोर्तुगीजांच्या भाषेतून आला. पण असली व्युत्पत्ती इतकी वर्षं का टिकली, याला मात्र इतिहास आहे.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. भातावर जगणाऱ्या त्या मुलखात त्यांना रोजचा पाव हवा होता. सासष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी पाव भाजायला शिकवलं, असं तिकडे परंपरेने सांगतात. यीस्ट मिळत नव्हतं, मग माडाची ताजी सूर पिठात घातली. सुरेतले सूक्ष्म जीव साखर खातात आणि वायू सोडतात. तो वायू मळलेल्या पिठात अडकतो आणि पीठ फुगतं. पाव भाजणारा तो पोदेर. हेच गोवेकर पुढे मुंबईतही भट्ट्या लावून बसले.

धर्मांतराच्या काळातली एक गोष्ट गोव्यात आणि वसईकडे अजून सांगतात. विहिरीत पाव टाकला, गावाने नकळत ते पाणी प्यायलं, आणि स्वकीयांनीच त्यांना बाहेर काढलं! गोष्ट कितपत घडली ते सोडा. पावाच्या तुकड्याने माणूस बाटतो, हे मात्र सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

ही भीती मोडायलाही पावच वापरला गेला, बरं का. १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत परमहंस सभा काढली. तिथे नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, अशी रीत होती. आणि हे सगळं गुपचूप! सभासदांची नावं फुटली तेव्हा सभाच मोडली. एवढी शिकलेली माणसं, पण पावाच्या घासापुढे जातीचा धाक मोठा ठरला.

आपल्या समाजात पावाला आणखी एक अडचण. आंबवलेलं पीठ, त्यातले जीव, पूर्वी तर सूरही. म्हणून कित्येकजणी पाव वर्ज्य करतात. हा आहाराचा नियम झाला. कडक पाळणाऱ्या घरांत तो इडलीच्या आंबवलेल्या पिठालाही लागतो. जी हा नियम पाळते, तिचा मी आदरच करते.

पण आता घरोघरी ओव्हन आले. १८५७ साली लुई पाश्चरने आंबण्यामागे जिवंत यीस्ट असतं हे दाखवून दिलं. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टिकाऊ कोरडं यीस्ट निघालं, ते आज वाण्याकडेही मिळतं. अर्धा किलो मैद्याला दोन लहान चमचे यीस्ट, कोमट दूध, थोडी साखर, मीठ आणि लोणी. दहा-बारा मिनिटं चांगलं मळायचं, दुप्पट फुगू द्यायचं. मग गोळे ट्रेमध्ये जवळजवळ लावून पुन्हा फुगवायचे. भाजताना ते एकमेकांना चिकटतात, बाजूंना कडक साल धरत नाही. लादीपाव मऊ राहतो तो असाच. अंडं लागतच नाही, वरून दुधाचा हात फिरवला की झालं.

आता मला सांगा, घरच्या पावात यीस्ट तेच ना? तेही जिवंतच असतं. बेकरीत अंडं असेल, स्वच्छता नसेल, ही कारणं मी समजू शकते; ती विचारून घ्यावीत. पण 'आमच्या घरचा चालतो, त्यांच्या हातचा नको' एवढंच कारण असेल, तर तो आहाराचा नियम नव्हे. तो विहिरीतल्या पावाचा जुनाच विटाळ आहे. नियम खुशाल पाळा. पण पहाटे उठून भट्टी पेटवणाऱ्या माणसाला त्यात गोवू नका, आणि मुलांना ती पायाने मळण्याची गोष्ट तर मुळीच सांगू नका.