सत्ता गेली, श्रद्धा राहिली

१७४० साली चौल आणि कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे आला. तिथली सुमारे सव्वादोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. अंमलदार गेले, पण किल्ल्याच्या पायथ्याची ख्रिस्ती कुटुंबे गावातच राहिली. राजाश्रय सुटला तरी त्यांनी धर्म सोडला नाही. पोर्तुगीज आणि मराठीच्या संगतीत घडलेली ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, त्यांनी घराघरांत जपली. चर्चमधली पोर्तुगीज प्रार्थना तिला आधार देत राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेतील उपासनेला वाट दिली आणि कोर्लईत मिस्सा मराठीत होऊ लागली. शाळा मराठीच होती. श्रद्धेने मराठी आपलीशी केली. ‘नो लिंग’ मात्र उंबरठ्याआड उरली. सत्तेविना श्रद्धा टिकली. प्रार्थनेविना ही भाषा टिकेल का?