भूलोकमल्लाचा गळ

लातूरच्या पापविनाशक मंदिरात एक संस्कृत शिलालेख आहे, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळातला. तेव्हाच्या लत्तलूर नगरीत पाचशे विद्वान राहत होते, असं त्यात नोंदलं आहे. पाहुण्यांची गंजगोलाईची बाजारपेठ बघून झाली की मी त्यांना तिथं नेतो आणि सांगतो, की ज्या राजाच्या काळातला हा लेख, त्या राजानं गळानं मासे धरण्यावर एक अख्खा अध्याय लिहिलाय. लातूरच्या माणसालाही हे ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

ग्रंथ म्हणजे ‘मानसोल्लास’. शके १०५१, इसवी सन ११२९च्या सुमाराचा. सोमेश्वराचं बिरुद भूलोकमल्ल. राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं इथपासून राजानं काय जेवावं, काय ऐकावं, काय खेळावं इथपर्यंत शंभर अध्याय त्यात आहेत. मराठीचे अभ्यासक त्याच्याकडे ओवीसाठी जातात, कारण महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात ही जुनी नोंद तिथं सापडते. संगीताचे लोक संगीतासाठी जातात, स्वयंपाकाचा इतिहास लिहिणारे पाककृतींसाठी. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. पहिला खंड १९२५ साली निघाला, तिसरा १९६१ साली. गळाच्या मासेमारीवरचा ‘मत्स्यविनोद’ हा अध्याय मात्र एकटा पडला. त्याच्याकडे नीट लक्ष दिलं ते एका मत्स्यशास्त्रज्ञानं. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर इंग्रजीत निबंध लिहिला.

माझं बालपण निलंगा तालुक्यात मांजरा नदीच्या काठी गेलं आणि नोकरी संस्कृत शिकवण्यात. त्यामुळे हा अध्याय मी वाचला तो व्याकरणाच्या आधी नदीच्या अंगानं. सोमेश्वर माशांची वर्गवारी करतो: समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले, खवल्यांचे आणि नुसत्या कातडीचे, मोठे, मध्यम, लहान. पाठीन, रोहित अशी तिसाच्या वर नावं देतो. कोणता मासा काय खातो ते सांगतो. काठी, दोर आणि गळाबद्दल लिहितो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की गळाच्या आधी तो माशांना चारा घालण्याबद्दल बोलतो.

आमच्या गावचे भोईमामा हेच सांगायचे. डोहाची एक जागा ठरवायची, तिथं तिळाच्या पेंडीचे, फुटाण्याच्या पिठाचे गोळे टाकत राहायचं. “आधी चार दिस जेवू घाल, मंग गळ टाक,” असं ते आम्हा पोरांना दरडावायचे. वांब हवी तर गांडूळ, मरळ हवी तर छोटी बेडकी. पाण्यावर मोरपिसाच्या दांडीचा तुकडा तरंगायचा, तो तिरका झाला की हात हलवायचा नाही, बुडाला की हिसका द्यायचा. मामांनी मानसोल्लासाचं नाव ऐकलेलं नव्हतं. माझं मत असं आहे, की हा प्रवास उलटा झाला. राजा काही चिखलात गांडुळं उकरत बसलेला नसणार. कोणत्या डोहात कोणता मासा बसतो आणि तो कशाला भुलतो, हे त्याला सांगणारे मामांचेच पूर्वज असणार. अध्यायावर नाव राजाचं आहे, विद्या भोयांची आहे.

सोमेश्वराचा काळ केवढा जुना, ते बाहेरच्या जगाशी ताडून पाहिलं म्हणजे कळतं. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील निबंध १४९६ सालचा, आणि आयझॅक वॉल्टनचं गाजलेलं पुस्तक १६५३ सालचं. पिसं बांधून खोटी माशी करायची आणि तिनं ट्राउट फसवायचा, ही रीत मात्र युरोपात सोमेश्वराच्याही आधीची. एलियन या रोमन लेखकानं इसवी सन २००च्या सुमारास मॅसेडोनियातले कोळी गळाला लाल लोकर गुंडाळून मासे धरतात असं लिहून ठेवलंय. थंड, उथळ, वाहत्या पाण्यात मासा वरच्या किड्यांवर झेपावतो, तिथं ही विद्या जन्मते. साहेबाला तिची इतकी ओढ होती, की १८६३ साली फ्रान्सिस डे यानं निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला आणि १९०० साली काश्मिरात ट्राउटची अंडी खरोखर रुजली. आमच्याकडे मे महिन्यात डोहाचं पाणी तिशी ओलांडतं. त्यात ट्राउट जगत नाही.

इथं साहेबाचं मन गुंतलं ते महसीरमध्ये, आपल्याकडच्या खडसात. हेन्री सलिव्हन थॉमस यानं १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या शिकारीवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्याचा नायक हाच मासा. त्याच्याही आधी, १८३९ साली, कर्नल साइक्सनं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरला शास्त्रीय नाव दिलं ते ‘खुद्री’, तिथल्या मासेमारांच्या तोंडचं. गोदावरीच्या खोऱ्यातही हा मासा आहे. साइक्सबद्दल मला आदर आहे तो एवढ्यासाठी, की मासे दाखवणाऱ्यांची बोली त्यानं पुसली नाही.

मग धरणं आली. मांजरा पाटोद्याजवळ बालाघाटात उगमते, लातूर आणि बीदरमधून तेलंगणात उतरते, वळसा घेऊन उत्तरेला येते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. पहिल्या पावसात गोदावरीतून याच वाटेनं मासे वर चढायचे. १९३१ साली निजामसागर पुरा झाला आणि मांजरेची ती वाट अडली. पुढं वरच्या अंगाला धनेगावचं मांजरा धरण झालं, नांदेडला विष्णुपुरीचा शंकरसागर झाला. पाणी माणसांना हवं होतं, यात वाद नाही. ज्या लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं राहून मी धरणांना नावं ठेवणार नाही. पण त्या वर्षी मांजरेचे डोह भेगाळलेले मी पाहिले, आणि भोयांची पोरं माती खणायच्या कामाला गेलेली पाहिली. आता तलावांत मच्छीमार संस्था कटला, रोहूचं बी सोडतात आणि चिलापी आपोआप वाढते. ते मासे तलावाचे. चढणीचा मासा कुठल्या ओढ्यानं वर जातो, कुठल्या खडकाआड दम खातो, हे सांगणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत.

दोन गोष्टी आजही करता येतील. ‘मत्स्यविनोद’ सोप्या मराठीत, माशांच्या चित्रांसह छापावा, आणि छापण्याआधी तो मांजरा-गोदावरीकाठच्या भोयांना वाचून दाखवावा. कोणत्या श्लोकात कोणता मासा आहे ते होरांच्या निबंधाइतकंच त्यांनाही ओळखता येईल. दुसरी गोष्ट धर्माबादजवळच्या, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. हे ठरलं ते दोन राज्यांच्या पाणीवाटपातून, पण मासे चढतात ते याच पावसाळ्यात. त्यातला निदान जुलै महिना त्या पट्ट्यात कुणी आडवं जाळं लावू नये, आणि त्या महिन्याची भरपाई भोयांना सरकारनं रोख द्यावी.