मोडलेल्या पंखाची साक्ष

२३ जून २०२४ रोजी कर्नाटकातील चित्रदुर्गजवळ इस्रोचे ‘पुष्पक’ हे पंखयुक्त यान तिसऱ्यांदा स्वयंचलितपणे धावपट्टीवर उतरले. चिनूक हेलिकॉप्टरने ते ४.५ किलोमीटर उंचीवरून सोडले होते. या बातमीतील एक तपशील मात्र अनेकांच्या नजरेतून निसटला. २२ मार्चच्या चाचणीत वापरलेला यानाचा पंखयुक्त सांगाडा आणि उड्डाणप्रणाली कोणताही बदल न करता याही वेळी वापरण्यात आली. एकदा उडालेले यंत्र तपासून पुन्हा उडवता येणे, ही विमानविद्येची जुनी कसोटी आहे.

भिलाईच्या बोरसी भागातील एखाद्या मैदानावर फोमचे रेडिओनियंत्रित विमान नाकावर आदळते, तेव्हा त्याचे तुकडे वेचणारा विद्यार्थीही याच कसोटीला उतरत असतो.

विमानाचा इतिहास आपण उड्डाणांच्या तारखांनी शिकतो. दुरुस्तीच्या तारखा वगळतो. १४ डिसेंबर १९०३ रोजी विल्बर राइट यांनी विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर उचलले. अवघ्या साडेतीन सेकंदांत विमान वाळूत आदळले आणि पुढील भाग मोडला. बंधूंनी तो दुरुस्त केला. १७ डिसेंबरला ऑर्व्हिल १२ सेकंद हवेत राहिले. जगाला ज्ञात असलेले ते उड्डाण एका दुरुस्त केलेल्या विमानाचे होते.

प्रतिकृतींचा इतिहासही असाच आहे. १८७१ मध्ये फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी रबराच्या पिळावर उडणारे स्थिर विमान करून दाखविले. १९३७ च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी ‘गफ’ नावाचे विमान रेडिओलहरींनी चालविले. त्या काळातील प्रतिकृती मुख्यतः बाल्सा लाकूड आणि कागद यांच्या असत. अपघात झाला की एकेक फासळी नव्याने कापावी लागे.

फोमने हे चित्र पालटले. १९५० च्या आसपास जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत विकसित झालेल्या फुगविलेल्या पॉलिस्टायरिनमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते. हलकेपणा मिळाला, पण नवी अडचणही आली. अनेक द्रावकयुक्त गोंद, आणि साधा झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंदसुद्धा, या फोमला विरघळवून टाकतो. हा गोंदही अपयशातूनच पुढे आला. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर यांनी तो पदार्थ फार चिकट म्हणून बाजूला सारला. १९५१ मध्ये त्याचे मोल उमगले आणि १९५८ मध्ये तो बाजारात आला. म्हणून साध्या थर्माकोलसाठी फोमला न विरघळविणारा गोंद निवडावा लागतो. पॉलिप्रॉपिलिनचा फोम अधिक लवचीक असतो. त्याच्या दबलेल्या मण्यांना गरम पाण्याची ऊब दिली, की आतील हवा प्रसरण पावते आणि पोचा बराचसा भरून येतो.

परंतु तुकडे जुळले म्हणजे विमान दुरुस्त झाले असे नव्हे. समजा, गुरुत्वमध्यापासून ५० सेंटिमीटर मागे, शेपटीत ५ ग्रॅम गोंद वाढला. तोल राखण्यासाठी २० सेंटिमीटर पुढे, नाकात १२.५ ग्रॅम वजन घालावे लागेल; कारण ५ × ५० = १२.५ × २०. हे न पाहता उडविलेले विमान मागे जड होऊन अस्थिर होते आणि बहुधा पुन्हा कोसळते. साध्या तरफेचा नियम येथे हातात विमान घेऊन शिकावा लागतो.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील एका लाडक्या कथेकडे पाहावे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडविले, असे वारंवार सांगितले जाते. त्याला समकालीन विश्वासार्ह पुरावा नाही. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची चिकित्सा केली. तो ग्रंथ प्राचीन नसून १९०४ नंतरचा आहे आणि त्यातील याने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या ग्रंथाच्या कर्त्याच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्या उडाल्या नाहीत, असेही त्यांनी नोंदविले आहे.

तळपदे यांच्या जिज्ञासेला यामुळे कमीपणा येत नाही. उलट, त्या प्रतिकृती का उडाल्या नाहीत, कोठे मोडल्या, पुढच्या वेळी काय बदलले, याची सविस्तर नोंद आज हाती असती, तर ती चौपाटीच्या दंतकथेहून कितीतरी मोलाची ठरली असती. आपण त्यांचे न झालेले यश जपले आणि खरे प्रयत्न हरवले.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, तुमचे विमान कोसळले तर गोंद शोधण्यापूर्वी वही उघडा. वारा किती होता, नाक किती वर होते, पंख कोठे तुटला, हे लिहून ठेवा. ‘पुष्पक’ हे नाव पुराणातले असले, तरी ते यान धावपट्टीवर सुखरूप उतरले ते अशाच नोंदींच्या आधारे.