पाल, निरंजन

(१७ ऑगस्ट १८८९ – ९ नोव्हेंबर १९५९). भारतीय पटकथाकार, नाटककार व चित्रपटदिग्दर्शक. जन्म कलकत्ता येथे. राष्ट्रीय चळवळीतील नेते बिपिनचंद्र पाल यांचे ते पुत्र. तरुण वयात ते इंग्लंडला गेले व लंडनच्या इंडिया हाउसमधील क्रांतिकारकांच्या सहवासात आले. ब्रायटनच्या समुद्रकिनारी १९०९ मध्ये वि. दा. सावरकरांना मातृभूमीच्या ओढीने जी सुप्रसिद्ध कविता स्फुरली, त्या प्रसंगी पाल त्यांच्याबरोबर होते. महाराष्ट्रात त्यांचे नाव प्रामुख्याने या एका आठवणीमुळेच राहिले; त्यांचे चित्रपटविषयक कार्य मात्र फारसे कोणाला परिचित नाही.

पुढे राजकारणाकडून ते नाट्यलेखनाकडे वळले. त्यांचे ‘द गॉडेस’ हे इंग्रजी नाटक १९२२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. त्यात भूमिका करणारे हिमांशू राय या निमित्ताने त्यांचे सहकारी झाले. एडविन आर्नल्ड यांच्या बुद्धचरित्रपर काव्यावरून पाल यांनी ‘द लाइट ऑफ एशिया’ (१९२५) या मूकपटाची पटकथा लिहिली. म्यूनिक येथील एमेल्का ही संस्था व फ्रान्झ ऑस्टन हे जर्मन दिग्दर्शक यांच्या सहकार्याने भारतातच त्याचे चित्रीकरण झाले. भारतात आलेल्या पाश्चात्त्य प्रवाशांना एक वृद्ध बुद्धाची कथा सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. परदेशी प्रेक्षकाला कथेत सहज प्रवेश मिळावा, हा तीमागील हेतू उघड आहे. युरोपात हा मूकपट गाजला. भारतात मात्र त्याला तसे यश लाभले नाही. ताजमहालाच्या निर्मितीभोवती गुंफलेला ‘शिराझ’ (१९२८) आणि महाभारतातील द्यूतप्रसंगावरून सुचलेला ‘अ थ्रो ऑफ डाइस’ (१९२९) हे या मालिकेतील पुढील मूकपट. राजवाडे, हत्ती, अरण्ये व द्यूत यांच्या या दर्शनात पौर्वात्य अद्भुताची हौस दिसते, हा आक्षेप खरा आहे. तथापि प्रसंगांची चढती रचना आणि शीर्षकांचा आधार न घेता दृश्यांतून कथा पुढे नेण्याचे कौशल्य यांमुळे ते आजही पाहवतात.

राय व देविका राणी यांनी १९३४ मध्ये मुंबईजवळ मालाड येथे ‘बॉम्बे टॉकीज’ची स्थापना केली. पाल हे तिचे प्रमुख कथालेखक होते. येथील लेखनाची पद्धत लक्षणीय होती. पाल इंग्रजीत लिहीत, जे. एस. कश्यप हिंदी संवाद व गीते रचत. आणि हिंदी न जाणणारे ऑस्टन दिग्दर्शन करीत. त्यामुळे कथेचा आराखडा आधीच पक्का करणे भाग पडे व पटकथेला निर्मितीत मध्यवर्ती स्थान मिळे. त्याच काळात पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ (१९३७) निर्माण केला. तेथे विषय भाषेतून व घरातून उगवलेला होता. पाल यांच्या संवादांत तो घरगुतीपणा सहसा येत नाही. त्यांचे बळ कथेच्या बांधणीत आहे.

‘जवानी की हवा’ (१९३५), ‘जीवन नैया’ (१९३६) व ‘जन्मभूमी’ (१९३६) या बोलपटांच्या कथा त्यांच्याच. परंतु सर्वांत उल्लेखनीय तो ‘अछूत कन्या’ (१९३६). पाल यांच्या ‘द लेव्हल क्रॉसिंग’ या कथेवर तो आधारलेला आहे. रेल्वे फाटकावरील हरिजन राखणदार दुखिया सर्पदंशातून एका ब्राह्मण दुकानदाराचे प्राण वाचवतो. त्यातून दोन कुटुंबांत स्नेह जुळतो. पण मुलांचे प्रेम मात्र समाज मान्य करीत नाही. ज्या फाटकाशी कथा सुरू होते, तेथेच नायिका कस्तुरी धावती आगगाडी थांबविण्याच्या प्रयत्नात प्राण गमावते. तिच्या मृत्यूने विवाहाचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त टळतो, अशी टीका करता येईल. तरीही अस्पृश्यतेचा विषय लोकप्रिय नटनटींच्या बोलपटात आणण्याचे श्रेय कथाकाराला द्यावे लागते. प्रत्यक्षात ते देविका राणी, अशोककुमार व राय यांनाच अधिक मिळाले.

राय यांच्याशी मतभेद झाल्यावर १९३७ च्या सुमारास पाल संस्थेतून बाहेर पडले. कलकत्त्यास परतून त्यांनी अरोरा या चित्रपटसंस्थेसाठी काम केले. पण पूर्वीचे स्थान त्यांना पुन्हा मिळाले नाही. ‘सच इज लाइफ’ हे त्यांचे आत्मचरित्र लंडन येथे २०११ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर अर्ध्या शतकाने, प्रसिद्ध झाले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ‘अ थ्रो ऑफ डाइस’ व ‘शिराझ’ यांच्या प्रतींचे पुनरुज्जीवन केले असून नव्या संगीतासह ते पुन्हा दाखविण्यात आले.